नऊ दिवसांची रजा आणि आल्प्सचा रस्ता

वाहनावरून पृथ्वी पालथी घालणाऱ्यांच्या ज्या हकिकती आपण आवडीने वाचतो, त्यांतील प्रवाशांपाशी द्रव्य बहुधा बेताचे होते, परंतु काळ मात्र विपुल होता. १९३२ साली लंडनहून मोटरसायकलवर निघालेल्या रॉबर्ट एडिसन फुल्टन या अमेरिकन तरुणाने आपल्या प्रदक्षिणेला सुमारे दीड वर्ष दिले. १९७३ साली निघालेला टेड सायमन चार वर्षांनी परतला. आणि १९२३ साली मुंबईहून सायकलींवर निघालेले अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण १९२८ साली घरी पोहोचले. वाटेत पावसाने अडविले तर पाऊस ओसरेपर्यंत थांबावे, गाडी नादुरुस्त झाली तर सुटा भाग येईपर्यंत त्या गावचेच होऊन राहावे, ही मोकळीक त्यांच्या प्रवासाचा प्राण होती.

आजच्या नोकरदार स्वाराची स्थिती नेमकी उलट आहे. विमानाचे तिकीट, गाडीचे भाडे, रात्रीचा मुक्काम यांची तजवीज तो काटकसरीने का होईना, पण करू शकतो. मात्र वरिष्ठांच्या सहीने मंजूर होणारी पाच दिवसांची रजा आणि तिच्या दोन्ही टोकांना जोडलेले शनिवार-रविवार मिळून होणारे नऊ दिवस, याहून अधिक काळ त्याच्या पदरी सहसा पडत नाही. अशा मनुष्याने परदेशातील लांबचा प्रवास मनातून काढून टाकावा, असे मला मुळीच वाटत नाही. त्याने त्या जुन्या प्रवाशांच्या बेताची आखूड नक्कल करण्याऐवजी आपल्या नऊ दिवसांच्या मापानेच बेत बेतावा, इतकेच माझे म्हणणे आहे. आणि ते नुसत्या तत्त्वाच्या भाषेत न सांगता फ्रान्समधील एका रस्त्याच्या आधाराने सांगितले, तर अधिक उपयोगाचे होईल.

पहिला प्रश्न वाहनाचा. स्वतःची गाडी घराच्या दारातून काढून सरहद्दीमागून सरहद्द ओलांडीत जाणे ही कल्पना रम्य खरी. परंतु त्या मार्गाने जाणाऱ्याचे कित्येक दिवस कचेऱ्यांच्या बाकांवर खर्ची पडतात. वाहन तात्पुरते परमुलखात नेताना त्यावर जकात पडू नये म्हणून अनेक देशांत ‘कार्ने’ नावाचा दस्तऐवज लागतो, आणि तो आपल्या देशातील अधिकृत मोटारसंघाकडून वाहनाच्या किमतीच्या हिशेबाने तारण ठेवून मिळवावा लागतो. या पुस्तिकेचे प्रत्येक पान तीन भागांत विभागलेले असते: मुलखात शिरताना जकातीचा अंमलदार एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा भाग दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेतच राहतो. बाहेर पडतानाचा शिक्का घाईगर्दीत राहून गेला, तर गाडी त्या देशातच मागे राहिली असे कागदोपत्री ठरते आणि तारणाची रक्कम धोक्यात येते. म्हणून नाक्यावर पोहोचण्यास सायंकाळ झाली आणि अंमलदार जागेवर नसला, तर स्वाराला तेथेच रात्र काढणे भाग पडते. त्यात भारतातून खुष्कीने युरोपकडे जायचे, तर एका बाजूस पाकिस्तान व इराण आणि दुसऱ्या बाजूस चीन. यांपैकी चीनमध्ये परदेशी वाहनाबरोबर अधिकृत वाटाड्या ठेवावा लागतो. गाडी जहाजाने पुढे पाठवावी, तर बंदरावरून ती अमुक दिवशी सुटेल असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. ज्याच्यापाशी सहा महिने मोकळे आहेत, त्याने हे सारे अवश्य करावे. नऊ दिवसांच्या धन्याने मात्र विमानाने जावे आणि गाडी तिकडे भाड्याने घ्यावी, हेच शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न मार्गाचा, आणि बहुतेक बेत येथेच बिघडतात. नकाशा पुढ्यात आला की पाच देशांची नावे एका दोरीत ओवण्याचा मोह होतो, आणि मग सारा प्रवास हमरस्त्यांवरून, मालमोटारींच्या रांगांना मागे टाकण्यात संपतो. याउलट, आपण नेमके कशासाठी चाललो आहोत ते आधी ठरवून, त्या एका गोष्टीभोवती सारे दिवस रचले, तर प्रवास थोड्या अंतरातही दीर्घ होतो. डोंगरातील घाटरस्ता हेच ज्याचे आकर्षण आहे, त्याच्यासाठी जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठावरील थोनों-ले-बें या गावापासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील नीसपर्यंत जाणारा फ्रेंच आल्प्सचा महामार्ग, ज्याला फ्रेंच लोक ‘रूत दे ग्रांद आल्प’ म्हणतात, याहून योग्य रस्ता माझ्या माहितीत नाही.

या रस्त्याची कल्पना फ्रान्सच्या प्रवासीसंघाने, म्हणजे तूरिंग क्लबने, १९०९ साली पुढे आणली. परंतु मधला सर्वांत उंच दुवा, म्हणजे इझेराँची खिंड, वाहतुकीस योग्य व्हायला १९३७ साल उजाडले आणि त्या जुलैत राष्ट्राध्यक्ष आल्बेर लब्रन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. समुद्रसपाटीपासून २,७६४ मीटर उंचीची ही खिंड आल्प्समधील डांबरी रस्त्याच्या खिंडींत सर्वांत उंच मानली जाते. तिच्या आगेमागे रोझलाँ, गालिबिये, इझोआर, व्हार अशा लहानमोठ्या खिंडींची माळ आहे, आणि एकूण अंतर सुमारे ७२० किलोमीटर आहे.

सातशेवीस हा आकडा आपल्या वाचकाला फार मोठा वाटणार नाही. मुंबईहून पहाटे निघून रात्री बंगळूरच्या वाटेवर त्याहून पुढे गेलेले स्वार आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु डोंगरी रस्त्याचे अंतर किलोमीटरने मोजणे हाच मूळ दोष होय. चढ, उतार, आखूड वळणे, मध्येच आडवी आलेली सायकलस्वारांची रांग किंवा गाईंचा कळप, हे सारे धरून तेथे तासाला चाळीस किलोमीटरचा वेग पडला तरी तो चांगला म्हणावा. या हिशेबाने ७२० किलोमीटर म्हणजे अठरा तासांची स्वारी होते. आणि वळणांवर सतत शरीर झुकवून, नजर पुढच्या वळणाच्या मुखाशी ठेवून जाणाऱ्या मनुष्याने दिवसाकाठी चार ते पाच तासांहून अधिक काळ खोगिरावर बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाचव्या तासानंतर हात क्लच दाबतात, पाय ब्रेक दाबतो, पण चित्त मागे राहिलेले असते.

यासाठी एक मजल उदाहरणादाखल जवळून पाहू. इझेर नदीच्या खोऱ्यातील बूर-सें-मॉरिस हे गाव सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. तेथून इझेराँचा माथा ४८ किलोमीटर. वाटेत बर्फावरील खेळांसाठी प्रसिद्ध असलेले व्हाल-दिझेर लागते, आणि ते मागे पडले की झाडे संपून उघडा दगड आणि गवत उरते. माथ्यावरून पलीकडे बोनव्हाल या दगडी छपरांच्या जुन्या खेड्यात उतरावे, आर्क नदीच्या काठाकाठाने मोदानवरून सें-मिशेलला जावे, तेव्हा उंची पुन्हा सातशे मीटरवर आलेली असते. आणि मग तेलेग्राफची खिंड, व्हालोआर हे गाव व त्यामागून २,६४२ मीटरचा गालिबिये असा दुसरा प्रचंड चढ सुरू होतो. गालिबियेवरून लोतारेच्या खिंडीत उतरून ब्रियाँसाँ या तटबंदीच्या गावी पोहोचेपर्यंत सुमारे १९० किलोमीटर होतात. नकाशावर ही मजल एका दिवसाची दिसते आणि मार्ग दाखविणारे यंत्रही तसेच सांगते. परंतु या एका दिवसात स्वार दोनदा दोन-दोन हजार मीटर चढलेला असतो, दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरणारे तपमान त्याने दोनदा अंगावर घेतलेले असते. आणि उन्हाळ्यात आल्प्सवर दुपारनंतर गडगडाटासह पावसाच्या सरी येण्याचा जो नित्यक्रम आहे, त्या वेळी तो नेमका दुसऱ्या आणि अधिक अवघड चढावर असतो.

म्हणून ही मजल बोनव्हाल येथे तोडावी. पहिल्या दिवशी इझेराँ आणि दुसऱ्या दिवशी गालिबिये, दोन्ही सकाळच्या स्वच्छ उजेडात, दुपारच्या जेवणाआधी माथ्यावर, अशी विभागणी केली की हवामानाशी झगडा उरत नाही. जेवणाचाही तेथे काटेकोर रिवाज आहे: डोंगरातील गावांत बारा ते दोन या वेळात जेवण मिळते आणि दोननंतर स्वयंपाकघर बंद होते, आपल्या धाब्याप्रमाणे केव्हाही जाऊन बसण्याची सोय तेथे गृहीत धरू नये.

आता नऊ दिवसांची मांडणी. ती शेवटच्या दिवसापासून मागे यावी, कारण कचेरीत हजर होण्याचा सोमवार हीच या साऱ्या बेतातील एकमेव अचल तारीख आहे. रविवारी मुंबईस पोहोचायचे, तर शनिवारी जिनिव्हाहून निघावे लागते, आणि गाडी त्याच दिवशी सकाळी परत करावी लागते. म्हणून शुक्रवारी रात्री जिनिव्हाच्या आसपास असलेच पाहिजे. दुसऱ्या टोकाला, आदल्या शुक्रवारी रात्री निघालेला मनुष्य विमान बदलून शनिवारी दुपारपर्यंत उतरतो. तिकडे रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्यामुळे गाडी शनिवारी सायंकाळच्या आतच ताब्यात घ्यावी, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी ठरवून घेणे अत्यंत जरूर आहे. नाहीतर रविवार हकनाक जातो. त्या सायंकाळी थोनोंपर्यंतची पस्तीसेक किलोमीटरची सपाट वाट तेवढी कापावी. उन्हाळ्यात आपले घड्याळ तेथल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे असते, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस पहाटेच जाग येते, आणि लवकर माथा गाठण्याच्या दृष्टीने ते सोयीचेच आहे.

मग रविवारी बोफोर, सोमवारी रोझलाँ आणि इझेराँ ओलांडून बोनव्हाल, मंगळवारी ब्रियाँसाँ, बुधवारी इझोआर व व्हार ओलांडून बार्सलोनेत. इझोआरच्या दक्षिण अंगाला झिजलेल्या पिवळट खडकांचे सुळके मुरमाच्या उतारावर उभे असलेला जो ओसाड प्रदेश आहे, तेथे अर्धा तास बसण्याइतकी सवड या मांडणीत राहते. गुरुवार मी कोरा ठेवीन. सारे सुरळीत झाले असेल, तर त्या सकाळी सामान मुक्कामावरच ठेवून हलक्या गाडीने बोनेतला जावे: तिची खिंड २,७१५ मीटरवर आहे, आणि शिखराला वळसा घालणारा रस्ता २,८०२ मीटरपर्यंत चढतो. मागे कोठे पावसाने एक दिवस खाल्ला असेल, तर बोनेत सोडून द्यावी. शुक्रवारी गाप व ग्रनोब्लमार्गे, खोऱ्यातील वेगवान रस्त्याने, एका दिवसात जिनिव्हाकडे परतता येते.

या बेतात नीस येत नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. मी ते बुद्ध्याच गाळले आहे. डोंगरातून उतरता उतरता समुद्र दिसणे यात मोठा आनंद आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्यासाठी गुरुवार पुरा खर्च होतो, परतीचे अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात जाते, आणि मुख्य म्हणजे साऱ्या आठवड्यात पावसासाठी, पंक्चरसाठी किंवा नुसत्या थकव्यासाठी एकही दिवस शिल्लक राहत नाही. राखीव दिवस नसलेला स्वार ढगांचा रंग पाहूनही पुढे जातो, कारण थांबणे त्याला परवडत नाही, आणि घाटातील अपघातांचे बीज पुष्कळदा या परवडत नसण्यातच असते. ज्याला समुद्र हवाच असेल, त्याने रजा दोन दिवसांनी वाढवून घ्यावी, किंवा गाडी नीसलाच सोडता येईल असा, अधिक भाड्याचा, करार शोधावा.

महिना निवडतानाही रजेच्या सोयीकडे पाहून चालत नाही. इझेराँ बहुधा जूनच्या मध्यापर्यंत बर्फाखाली असते आणि ऑक्टोबरात पुन्हा बंद होते. जुलैत सायकलींची प्रसिद्ध फ्रान्स-शर्यत यांपैकी काही खिंडींतून जाते व त्या दिवशी रस्ते अडविले जातात. आपल्याकडे १५ ऑगस्टला जोडून रजा घेण्याची रीत आहे. पण तोच दिवस फ्रान्समध्ये मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असून तेव्हा तेथील सुट्टीची गर्दी कळसाला पोहोचलेली असते. सप्टेंबरच्या आरंभी शाळा उघडल्या की रस्ते मोकळे होतात, हवा स्थिर असते, खिंडी खुल्या असतात, आणि बारा-तेरा तासांचा उजेडही मिळतो. मराठी घरातील मनुष्याला गणपतीची तिथी आधी पाहावी लागेल, एवढीच अडचण.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारणतः पंधरा दिवस लागतात, पण ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते, तेव्हा शेवटच्या महिन्यावर भिस्त ठेवू नये. विमान स्वित्झर्लंडमध्ये उतरत असले, तरी रात्रींचे बहुतेक मुक्काम फ्रान्समध्ये असल्यामुळे अर्ज फ्रान्सकडे करावा लागतो. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. मात्र तो घेताना मोटरसायकलवरील अपघात त्यातून वगळलेला नाही ना, हे बारीक अक्षरांपर्यंत वाचून पाहावे. परिवहन कार्यालयाकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्ष चालतो, आणि तो मूळ परवान्यासहच ग्राह्य धरला जातो. शिरस्त्राणाविषयी विशेष सांगावेसे वाटते: आपल्याकडील भारतीय मानकाचा शिक्का तेथे पुरत नाही, युरोपीय प्रमाणाचे चिन्ह, म्हणजे वर्तुळातील रोमन ‘ई’, असलेले शिरस्त्राण लागते. प्रमाणित हातमोजे घालणे फ्रान्समध्ये स्वारांना सक्तीचे आहे, आणि झळाळत्या रंगाची बंडी जवळ बाळगावी लागते.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, जुना प्रत्येक ओरखडा करारावर नोंदवून घ्यावा, टायरांची खोली, साखळीचा ताण आणि ब्रेक पाहावेत, सामानाच्या पेट्या लावून एकदा रिकाम्या जागेत गाडी वळवून पाहावी. क्रेडिट कार्डावर अनामतीची मोठी रक्कम अडकवली जाते. तेवढी मर्यादा शिल्लक नसेल, तर सारा बेत त्या टेबलापाशीच अडतो. रविवारी पेट्रोलपंपावर माणूस नसला, तरी कार्ड व गुप्तांक घेणारे यंत्र असते. तरीही बूर-सें-मॉरिस, ब्रियाँसाँ, बार्सलोनेत अशा मोठ्या गावी टाकी भरूनच पुढे चढावे.

आणि उजव्या बाजूने चालण्याची सवय. आपल्या घाटांत डावीकडे वळणारे वळण स्वाराला आखूड पडते आणि उजवीकडचे ऐसपैस मिळते. फ्रान्समध्ये हे अगदी उलटे होते. उजवीकडच्या चढत्या वळणावर गाडी आतल्या कडेला, तीव्र चढावर, जवळजवळ थांबण्याच्या वेगात येते, आणि तेथे नजर चाकापुढे पडली की तोल जातो. म्हणून पहिल्या गिअरात, वळणाच्या पलीकडे पाहत, मागच्या ब्रेकचा हलका आधार घेऊन वर निघावे. वर्दळीत सहसा चूक होत नाही, कारण पुढची वाहने वाट दाखवितात. धोका असतो तो निर्मनुष्य रस्त्यावर थांबून, चित्र घेऊन किंवा पाणी पिऊन पुन्हा निघताना, कारण त्या क्षणी जन्माची सवय हात धरून डावीकडे नेते. टाकीवर, नजर जाईल अशा जागी, उजवीकडे दाखविणारा बाण चिकटविणे हा साधा उपाय मी प्रत्येकास सुचवीन.

शेवटी पर्यायी वाटा. एखादी खिंड सप्टेंबरातही अकाली बर्फाने एक-दोन दिवस बंद होऊ शकते; खिंड खुली की बंद हे दाखविणारे फलक खालच्या गावांतच लावलेले असतात, ते पाहिल्याविना चढू नये. इझेराँ बंद असेल, तर बोफोरहून आल्बेरव्हिलकडे उतरून १,९९३ मीटरच्या मादलेन खिंडीने आर्कच्या खोऱ्यात जाता येते. तीही बंद असेल, तर खोऱ्याखोऱ्याने जाणारा हमरस्ता आहेच, आणि अशा वेळी सोमवारचा मुक्काम बोनव्हालऐवजी सें-मिशेल किंवा व्हालोआर येथे हलवावा, म्हणून खोल्या रद्द करता येतील अशा अटीवरच घ्याव्यात. गालिबिये बंद असेल, तर मोदानजवळच्या फ्रेज्यूसच्या बोगद्याने, पथकर भरून, इटलीतील बार्दोनेक्कियास निघावे आणि मोंजनेव्रच्या खिंडीने पुन्हा फ्रान्समध्ये उतरावे. ही वाट लांबची नाही, आणि तिने गेले तरी मंगळवारची रात्र ठरल्याप्रमाणे ब्रियाँसाँतच पडते.